ऋतू पाहून प्रवास (भाग ७) : मे महिन्यातला ऑस्ट्रेलिया

ऑस्ट्रेलियाला कधी जावं, असं विचारलं की ‘सप्टेंबर ते नोव्हेंबर’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. मेलबर्न-सिडनीपुरतं ते बरोबरही आहे. पण आपल्याकडच्या किती कुटुंबांना तेव्हा निघता येतं? परीक्षा संपल्या की मे महिन्याची सुट्टी, तीच काय ती मोकळी. मुलाकडे किंवा लेकीकडे राहायला जाणारे आईवडीलही इथला उन्हाळा चुकवायला याच दिवसांत विमानात बसतात. म्हणून आज प्रश्न उलटा घेऊ. महिना मे ठरलेलाच आहे, तर ऑस्ट्रेलियात जायचं कुठे?

उत्तरेला, असं माझं ठाम मत आहे.

हा देश भारताच्या दुपटीहून मोठा. डार्विन १२ अंश दक्षिण अक्षांशावर, तर होबार्ट जवळपास ४३ अंशांवर. ‘तिकडे ऋतू उलटे असतात’ हे शाळेत शिकलेलं वाक्य दक्षिणेकडच्या शहरांना लागू पडतं. उत्तरेच्या टोकाला हंगाम दोनच, ओला आणि कोरडा. नोव्हेंबर ते एप्रिल वायव्येकडून येणारे मोसमी वारे तिथे धो धो पाऊस पाडतात. चक्रीवादळंही तेव्हाचीच, १९७४च्या नाताळात ‘ट्रेसी’ने डार्विन जवळपास भुईसपाट केलं होतं. सूर्य उत्तरेकडे सरकला की वारे फिरतात. आग्नेयेकडून, तापून सुकलेल्या जमिनीवरून येणाऱ्या त्या वाऱ्यांत पाणी नसतं. आपल्याकडे पावसाची वाट पाहणं सुरू होतं, तेव्हा तिथला पाऊस नुकताच आवरलेला असतो.

हे पाहायचं ते काकाडू राष्ट्रीय उद्यानात. तिथले मूळ रहिवासी, बिनिंज आणि मुंगुय, वर्षाचे सहा ऋतू मानतात. सहा ऋतूंचं वर्ष आपल्याला परकं नाही, पण त्यांची गणना तारखेवर नाही, खुणांवर चालते. मेपासून जूनच्या मध्यापर्यंतचा ऋतू ‘येग्गे’. हवेत गारवा येऊ लागतो, सकाळी पाणथळींवर धुकं असतं, पाणी कमळांनी भरलेलं. ‘वुलीबट’ नावाच्या निलगिरीच्या भाऊबंदाला फुलं आली आणि वारा कोरडा झाला, की रान थोडं थोडं, तुकड्यातुकड्यानं जाळायची वेळ झाली असं ते समजतात. गवतात ओल असतानाच लावलेली ही आग मंद राहते आणि पुढे कडक उन्हात भडकणारा मोठा वणवा टळतो. तेव्हा मे महिन्यात रस्त्याकडेला धूर दिसला तर घाबरू नका; हजारो वर्षांचं शहाणपण तिथे कामाला लागलेलं असतं.

एक अडचण मात्र आहे. पुराचं पाणी ओसरल्याशिवाय जिम जिम धबधब्याकडचा कच्चा रस्ता खुला होत नाही, आणि मेमध्ये तो बंद असण्याचीच शक्यता जास्त. त्यामुळे महिन्याच्या अखेरीस गेलेलं बरं. समुद्रात डुंबायचा मोहही आवरा. विषारी बॉक्स जेलीफिशचा काळ मेपर्यंत चालतो आणि मगरी तर बारमाही.

देशाच्या मध्यावरच्या उलुरू या प्रचंड खडकाकडे जायलाही मे चांगला. उन्हाळ्यात तिथे पारा चाळिशीपार जातो, मेमध्ये दिवसभर चालता येतं. रात्री मात्र चांगलीच थंडी पडते, स्वेटर हवाच.

आणि मेलबर्न? दुपारी १७ अंशांच्या आसपास, अखेरीस सव्वापाचच्या आत सूर्यास्त, अधूनमधून झोंबरा वारा. नातवंडांच्या ओढीनं जाणाऱ्यांनी जरूर जावं, पण नुसतं फिरायला जाणाऱ्यानं सुट्टीचे मोजके दिवस तिथे घालवू नयेत. घरी राहायला गेलेल्यांनीही मधले चार-पाच दिवस काढून डार्विनचं विमान पकडावं. बर्फात खेळायच्या आशेनं मेमध्ये जाऊ नका. स्कीइंगचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो.

दिवाळीच्या सुट्टीचा हिशेब वेगळा. तेव्हा उत्तरेत उकाडा वाढलेला असतो आणि दक्षिणेत वसंत असतो. टास्मानिया आणि पर्थ त्यासाठी राखून ठेवले आहेत. ते पुढच्या आठवड्यात.