व्हीपीएन आणि ‘मी रोबोट नाही’चा चौकोन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

व्हीपीएन चालू ठेवून एखादे संकेतस्थळ उघडले की ‘मी रोबोट नाही’ असा चौकोन समोर येतो, नाहीतर नऊ चित्रांतून झेब्रा क्रॉसिंग शोधायला सांगितले जाते. व्हीपीएन बंद केला की तेच संकेतस्थळ मुकाट्याने उघडते. त्यामुळे बहुतेकांचा समज होतो, की संकेतस्थळाने आपल्याला ओळखले, आपले काहीतरी चुकले आणि आता जाब विचारला जात आहे. तसे काही घडलेले नसते. संकेतस्थळाला संशय असतो तो ज्या पत्त्यावरून विनंती आली त्या पत्त्याचा. त्या पत्त्यामागे त्या क्षणी नेमके कोण बसले आहे, हे त्याला ठाऊकच नसते.

ठाण्याहून कशेळी, काल्हेर ओलांडून भिवंडीकडे जाताना पूर्णा गाव लागते. तिथल्या एखाद्या गोदाम-संकुलाच्या फाटकाची कल्पना केली, की हा प्रकार चटकन समजतो. ट्रान्सपोर्टचा ट्रक फाटकाशी येतो. आत वीस व्यापाऱ्यांचा माल एकत्र भरलेला असतो. रखवालदाराला दिसतो तो गाडीचा नंबर आणि ट्रान्सपोर्टचे नाव. आतल्या गाठोड्यांचे मालक त्याला दिसत नाहीत. याच ट्रान्सपोर्टच्या गाडीतून मागे दोनदा भलताच माल उतरला असेल, तर तो आजची गाडीही बाजूला घेणार आणि वीसही जणांचा खोळंबा होणार. यात एकोणीस जण निर्दोष असले, तरी फाटकावरून ते ओळखता येत नाही.

व्हीपीएन असाच सामाईक ट्रक चालवतो. फोन आणि व्हीपीएन कंपनीचा सर्व्हर यांच्यात सांकेतिक भाषेतला एक बंद मार्ग तयार होतो आणि इंटरनेटवर पुढे जाताना त्या सर्व्हरचा आयपी पत्ता लागतो. एका पत्त्यावरून एकाच वेळी शेकडो ग्राहक बाहेर पडतात. त्यांतला एखादा जरी प्रोग्रॅम लावून हजारो पासवर्ड चाचपून पाहत असला किंवा दुकानाच्या किमती घाऊक खरवडून नेत असला, तरी डाग त्या पत्त्याला लागतो. शिवाय प्रत्येक आयपी पत्ता कोणत्या जाळ्यातला आहे, याच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या असतात. जिओ किंवा बीएसएनएलचा पत्ता म्हणजे बहुधा घर वा मोबाइल. भाड्याच्या डेटा सेंटरमधला पत्ता म्हणजे बहुधा यंत्र. व्हीपीएनचे सर्व्हर सहसा डेटा सेंटरमध्येच असतात, आणि बॉट, म्हणजे माणसाऐवजी आपोआप काम करणारे प्रोग्रॅम, चालवणारेही तिथेच यंत्रे भाड्याने घेतात. म्हणूनच पैसे भरून घेतलेल्या व्हीपीएनवर तपासणी येत नाही, हाही गैरसमजच आहे. काही कंपन्या जादा पैसे घेऊन एकाच ग्राहकाला स्वतंत्र पत्ता देतात. त्याने त्रास कमी होतो, पण पत्ता डेटा सेंटरचा असेल तर तो पूर्ण जात नाही.

तपासणी आली म्हणजे व्हीपीएन बेकायदा आहे, असेही अनेकांना वाटते. जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत प्रशासनाने वेळोवेळी काढलेले तात्पुरते बंदी आदेश सोडले, तर भारतात व्हीपीएन वापरणे गुन्हा नाही. या समजाचे मूळ बहुधा २०२२ सालच्या एका आदेशात आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावे, पत्ते आणि त्यांना दिलेले आयपी पत्ते यांच्या नोंदी पाच वर्षे जपून ठेवण्यास सांगितले. हे बंधन कंपन्यांवर होते, वापरणाऱ्यांवर नव्हते. आणि कर्मचाऱ्यांसाठी चालवलेले कार्यालयीन व्हीपीएन त्यातून वगळले गेले. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन या कंपन्यांनी मात्र नोंदी ठेवण्यापेक्षा भारतातले सर्व्हर हलवणे पसंत केले. एक्स्प्रेसव्हीपीएनचे ‘भारतातील’ पत्ते त्यानंतर सिंगापूर आणि ब्रिटनमधल्या यंत्रांवरून दिले जाऊ लागले. कागदावर भारतीय आणि प्रत्यक्षात परदेशी असा पत्ता पाहून एखादी बँक सावध झाली, तर तिला दोष देता येत नाही.

ही सगळी खबरदारी अवाजवी आहे का? रेल्वेचे उदाहरण पाहावे. जून २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने जाहीर केले, की तत्काळ आरक्षण सुरू होताच पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या एकूण प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न बॉटचे असत. त्याच वेळी अडीच कोटींहून अधिक संशयास्पद खाती बंद केल्याचेही सांगण्यात आले. गावी जाण्यासाठी सकाळी दहाच्या ठोक्याला फोन हातात घेऊन बसलेल्या माणसाचे तिकीट नेमके याच गर्दीत हुकत होते. तेव्हा फाटकावर कोणीतरी उभे असणे रास्तच आहे. प्रश्न इतकाच, की तिथे पत्त्यावरून माणसाची पारख होते आणि सामाईक पत्ता वापरणाऱ्या प्रामाणिक माणसावर त्यात अन्याय होतो.

हा अन्याय व्हीपीएन न वापरणाऱ्यांच्याही वाट्याला येतो. ‘व्हीपीएन नसतानाही चौकोन आला, म्हणजे फोनमध्ये व्हायरस शिरला’ या घबराटीचे उत्तर बहुतेक वेळा पत्त्यांच्या टंचाईत सापडते. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात जेमतेम ४२९ कोटी आहेत आणि त्यांच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. भारतात मोबाइलवर इंटरनेट घरोघरी पोहोचले ते त्यानंतर. त्यामुळे मोबाइल कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहकांना बसवतात. पूर्णा गावातला गोदामाचा हिशेबनीस आणि कल्याणचा विद्यार्थी एकाच क्षणी एकाच पत्त्याने ओळखले जाऊ शकतात, आणि एकाच्या फोनमधल्या उपद्रवी ॲपचा भुर्दंड दुसऱ्याला पडू शकतो. नव्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही६चे पत्ते जवळजवळ अमर्याद आहेत आणि भारतीय मोबाइल जाळ्यांनी ते मोठ्या प्रमाणावर स्वीकारलेही आहेत. पण अनेक संकेतस्थळे अजून जुन्यावरच चालतात.

चौकोनावर टिक केली की माणूस असल्याचे सिद्ध होते, हा समज मुळातून तपासायला हवा. वेडीवाकडी अक्षरे वाचायला लावणारा ‘कॅप्चा’ २००० साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झाला, तेव्हा यंत्रांना ती अक्षरे खरोखरच वाचता येत नव्हती. आज येतात. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये गूगलची चित्रांची कोडी संगणकाकडून शंभर टक्के सोडवून दाखवली. त्याच प्रयोगात असेही दिसले, की कोडे किती वेळा येणार हे ब्राउझरमधल्या कुकी आणि मागील वापराच्या खुणांवर बरेच अवलंबून असते. २०१४ पासून दिसणारा टिकेचा चौकोन याच खुणा पाहतो. खासगीपणा जपण्यासाठी कुकी पुसणाऱ्या, गुप्त खिडकीत काम करणाऱ्या आणि वर व्हीपीएन लावणाऱ्या माणसाकडे दाखवायला जुनी ओळखच उरत नाही. तपासणी वारंवार येण्याचे हे दुसरे मोठे कारण आहे. अशा वेळी व्हीपीएनच्या ॲपमध्ये दुसरा सर्व्हर निवडला, तर नवा पत्ता मिळतो आणि बरेचदा काम होते. बँक आणि रेल्वे आरक्षणापुरता व्हीपीएन बाजूला ठेवण्याची सोयही अनेक ॲपमध्ये असते.

राहतो तो सर्वांत महाग पडणारा गैरसमज: मोफत व्हीपीएनने निदान नुकसान तरी होत नाही. २०१५ मध्ये उघड झाले, की ‘होला’ या मोफत व्हीपीएनच्या वापरकर्त्यांचे कनेक्शन तिच्याच दुसऱ्या सेवेमार्फत इतरांना विकले जात होते. मे २०२४ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी ‘९११ एस५’ नावाचे जाळे मोडले. जवळजवळ २०० देशांतले १ कोटी ९० लाख आयपी पत्ते त्यात अडकले होते आणि ते पत्ते गुन्हेगारांना भाड्याने दिले जात होते. संगणक त्या जाळ्यात ओढण्याचे साधन होते मोफत व्हीपीएन: मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन, पॅलाडिनव्हीपीएन, शील्डव्हीपीएन, शाइनव्हीपीएन आणि त्यांच्याबरोबर प्रॉक्सीगेट. इथे ट्रक दुसऱ्याचा राहत नाही. आपल्याच घराच्या पत्त्यावरून परक्याचा माल बाहेर पडू लागतो, आणि मग व्हीपीएन काढला तरी तपासणी पाठ सोडत नाही. या सहांपैकी एखादे नाव संगणकात आढळले, तर ते आजच काढून टाकावे.