बालशिक्षिका घडवायच्या कोठे?

पनवेल तालुक्याचा गेल्या पन्नास वर्षांत जो कायापालट झाला, तो मुख्यतः जमिनीचा. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. भातशेतीच्या आणि खाजणांच्या जागी खारघर, कळंबोली, कामोठे उभे राहिले. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका आली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. या प्रत्येक टप्प्यावर येथील तरुणांना कोणती नवी कामे मिळतील, याची भरपूर चर्चा झाली. परंतु ज्या वसाहतींत आईबाप दोघेही सकाळीच लोकल गाठतात आणि आजी-आजोबा गावी राहतात, तेथील तीन वर्षांच्या मुलाला सांभाळणारे आणि शिकविणारे माणूस कोठून यावयाचे, हा प्रश्न रोजगाराच्या चर्चेत क्वचितच निघतो.

जणू असे माणूस आपोआपच मिळते! शिशुवर्गाला कोणीही चालते, मुलीला गाणी म्हणता आली आणि आवाज गोड असला की झाले, ही समजूत सुशिक्षितांतही पक्की आहे. बारावी झालेली, पुढे काय करावे हे न ठरलेली मुलगी लग्नापर्यंतची सोय म्हणून बालवर्गावर जाते आणि तीन वर्षांच्या मुलांच्या हाती पेन्सिल देऊन अक्षरे गिरवून घेऊ लागते. दोष तिचा नव्हे. बोटांच्या स्नायूंची वाढ, बोलण्यातून होणारी भाषेची घडण, खेळातून येणारी संख्येची जाण यांपैकी काहीही तिला कोणी शिकविलेले नसते.

महाराष्ट्राला हा विषय नवा आहे असेही नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेव्हापासूनच त्यांच्यासोबत होत्या. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसताच बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला. परदेशी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून शिंपले, बिया, खडे आणि पाने यांवर मुले मोजू लागली. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे असे आढळले, की आदिवासी मुली शाळेत येऊ शकत नाहीत, कारण धाकटे भावंड त्यांच्या कडेवर असते. तेव्हा विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. मोठी बहीण वर्गात बसे आणि धाकटे जवळच सुरक्षित राही. या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत होती. लहान मूल सांभाळण्याचे काम पोरीबाळी करीतच असतात. उणीव असते ती त्यांच्या अनुभवाला शास्त्राची जोड देण्याची.

ती जोड देण्याची जागा म्हणजे माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळा. १९८८ साली केंद्राने उच्च माध्यमिक स्तरावरील व्यवसायशिक्षणाची योजना आखली. महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमांत पाळणाघर व पूर्वप्राथमिक शाळा व्यवस्थापन हा विषयही होता. बारावीला बालविकास हा विषय घेता येतो. परंतु केवळ पुस्तकी बालविकास म्हणजे विहिरीच्या काठावर बसून पोहणे शिकण्यासारखे आहे. रडणाऱ्या मुलाला जवळ घेतल्याखेरीज त्यातला एकही धडा खऱ्या अर्थाने कळत नाही.

आता तर निकड वाढली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला. बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा, तर इतरांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम त्या धोरणात सुचविला आहे. महाराष्ट्राने २०२३ साली सेविकेच्या नेमणुकीसाठी बारावीची अट घातली. अट योग्य आहे. मात्र तिचा एक परिणाम पनवेलसारख्या तालुक्यात डोळ्यांआड करून चालणार नाही. येथील डोंगरपायथ्याच्या कातकरी वाड्यांतील कुटुंबे वीटभट्टीच्या हंगामात बाहेर पडतात आणि मुलींची शाळा मध्येच सुटते. वाडीतली मुलगी बारावीपर्यंत पोहोचलीच नाही, तर सेविका बाहेरून येणार. पुस्तकी मराठी बोलणाऱ्या बाईंपुढे कातकरी बोलीतले मूल मुके होऊन बसते, आणि मग त्याला ‘मंद’ हे बिरुद लावण्यास वेळ लागत नाही.

म्हणून अकरावी-बारावीतील इच्छुक विद्यार्थ्यांना आठवड्यातील दोन सकाळी जवळच्या अंगणवाडीत पाठविणे, त्यांनी एकेका मुलाची निरीक्षणवही ठेवणे, आगरी आणि कातकरी घरांतली गाणी-गोष्टी गोळा करणे आणि या साऱ्याला परीक्षेत गुण असणे, एवढे तरी व्हावयास हवे. यात एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागेल. मदतनीस गैरहजर आहे म्हणून विद्यार्थिनीच्या हाती केंद्र सोपविणे म्हणजे शिक्षण नव्हे, फुकटची वेठ होय. आणि मुलग्यांना यातून वगळण्याचे कारण नाही. बालशिक्षणाचे अध्वर्यू गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील होते, आणि पुढे ‘मिशीवाली आई’ म्हणून ओळखले गेले, हे विसरता येत नाही.

सर्वांत कठीण मुद्दा मात्र पैशाचा. ज्या कामाला ‘वेतन’ नव्हे, ‘मानधन’ म्हणतात, त्याकडे हुशार मुलगी कशाला वळेल? २०१८ साली केंद्राने सेविकेचे मानधन दरमहा ४,५०० रुपये ठरविले. राज्ये त्यात आपली भर घालतात. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तोही दीर्घ झगड्यानंतर. डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविका पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. पोषण आहाराचे वाटप, वजने, नोंदवह्या, मोबाइलवरची माहिती एवढे सारे उरकून उरलेल्या वेळात ती ‘शिक्षिका’ असते. अशा स्थितीत विद्यार्थ्यांना या व्यवसायाकडे बोलावणे हे त्यांना फसविणे ठरेल, असा आक्षेप कोणी घेतला तर तो निराधार म्हणता येणार नाही. तथापि तयारीविना येणाऱ्या माणसाचे मोल वाढवून मागणे अवघड जाते, हीही वस्तुस्थिती आहे. परिचारिकेच्या कामाला प्रशिक्षणाची आणि नोंदणीची चौकट मिळाली, तेव्हाच त्याला व्यवसायाचे रूप आले.

अडथळा आणखी एक आहे, आणि तो अस्सल सरकारी आहे. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे, तर कनिष्ठ महाविद्यालय शालेय शिक्षण विभागाकडे. दोन्ही इमारती एकाच रस्त्यावर असल्या तरी कागद वेगवेगळ्या वाटांनी मंत्रालयात जातात. पनवेलचे प्रकल्प अधिकारी आणि दोन-तीन कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य यांनी मिळून एक प्रस्ताव धाडला, तर येत्या जूनपासून एका बीटमध्ये, आणि त्यातही एखाद्या कातकरी वाडीच्या अंगणवाडीपासून, प्रयोग सुरू करण्यास मोठ्या खर्चाची गरज नाही. पर्यवेक्षिकेची महिन्यातून एक जादा भेट आणि विद्यार्थ्यांच्या एस.टी.चे भाडे, एवढ्याची तरतूद पुरेल.