खाऱ्या पाण्याच्या टाकीत बारीक वाळू टाकली. पाणी निवळणार कधी?
घाई, तुरटी आणि पाणीबदल या तीन चुका टाळणे आवश्यक

यवतमाळ : पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले की हंड्यात तुरटीचा खडा फिरवायचा, ही विदर्भातील घराघरांतील जुनी रीत. त्याआधीच्या पिढ्या निवळीची बी मातीच्या भांड्याला आतून घासून त्यात पाणी भरून ठेवीत. ‘पाणी निवळणे’ हा शब्दप्रयोग आणि त्या झाडाचे नाव यांचे नाते त्यामुळेच जवळचे वाटते. मात्र, हाच घरगुती उपाय खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत केल्यास पाणी निवळण्याऐवजी मासे आणि प्रवाळ दगावण्याची भीती असते.

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांना समुद्री माशांची पहिली ओळख करून दिली. समुद्र शेजारीच असल्याने तेथे खारे पाणी सहज उपलब्ध होते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या यवतमाळमध्ये हा छंद जोपासायचा तर समुद्र घरातच तयार करावा लागतो. शुद्ध पाण्याच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ, म्हणजे दोनशे लिटरच्या टाकीसाठी सुमारे सात किलो मीठ लागते. अशा टाकीत तळाची शोभा वाढविण्यासाठी साखरेसारखी बारीक पांढरी वाळू टाकली की मिनिटभरात सारे पाणी दुधासारखे होते आणि समोरचा मासाही दिसेनासा होतो. नेमक्या याच क्षणी घेतलेला निर्णय टाकीचे भवितव्य ठरवितो.

गढूळपणा येतो कोठून?

समुद्री टाक्यांसाठी मिळणारी वाळू बहुधा अॅरागोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची असते. पोत्यात भरताना आणि वाहतुकीत तिचे कण एकमेकांवर घासून पिठासारखी भुकटी तयार होते. पाणी गढूळ करते ती ही भुकटी. वाळूचे दाणे नव्हेत.

कण पाण्यात किती वेगाने खाली बसतो, याचा नियम जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये मांडला. त्यानुसार कणाचा व्यास दहापट कमी झाला की त्याचा वेग शंभरपट कमी होतो. टाकीतील पाणी ४५ सेंटिमीटर खोल आहे असे धरल्यास, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा दाणा मिनिटभरात तळाशी पोहोचतो. दहा मायक्रॉनच्या कणाला तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण मात्र स्थिर पाण्यातही चार ते पाच दिवस घेतो. पंप चालू असेल तर तो खाली बसतच नाही, प्रवाहाबरोबर फिरत राहतो.

दिलासा देणारी बाब म्हणजे मीठ येथे मदतीला येते. गोड्या पाण्यात सूक्ष्म कणांवरील विद्युतभार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. खाऱ्या पाण्यातील क्षारांमुळे या भाराचा प्रभाव कमी होतो, कण एकमेकांना चिकटतात आणि जड होऊन खाली बसतात. नदीने वाहून आणलेला गाळ समुद्राला मिळताच साचू लागतो, त्यामागेही हेच एक कारण आहे. त्यामुळे खाऱ्या टाकीतील वाळूचा गढूळपणा साधारणतः एक ते तीन दिवसांत ओसरतो.

पाणी बदलणे महागात

गढूळ पाणी पाहून ते सगळे फेकून नवे भरण्याचा मोह होतो. मात्र, तळाची भुकटी तशीच राहते आणि नवे पाणी ओतताच ती पुन्हा उठते. सात किलो मीठ वाया जाते ते वेगळेच. यवतमाळात पाण्याची किंमत निराळी सांगायला नको. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या धरणांनी तळ गाठल्यानंतर शहराने सोसलेली टंचाई नागरिकांच्या स्मरणात आहे. जिल्ह्यातील अनेक विंधन विहिरींचे पाणी कडक असून काही भागांत त्यात फ्लोराइडही आढळते. त्यामुळे टाकीसाठी आरओचे पाणी वापरावे लागते. घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन ते तीन लिटर पाणी बाहेर टाकते. दोनशे लिटर बदलणे म्हणजे प्रत्यक्षात सहाशे ते आठशे लिटरचा खर्च होय. शिवाय बाहेर काढलेले खारे पाणी बागेत टाकल्यास जमीन बिघडते.

तुरटी का नको?

तुरटी पाण्यातील बायकार्बोनेट खर्च करते. पाण्याचा सामू स्थिर ठेवणारा आणि प्रवाळांना सांगाडा बांधण्यास लागणारा घटक हाच आहे. तुरटीतील अॅल्युमिनियमही प्रवाळांना अपायकारक ठरते. निवळीची बी सेंद्रिय असल्याने बंद टाकीत ती कुजण्याचा धोका असतो. हंड्यातील पाणी दिवसभरात संपते. टाकीतील पाणी महिनोन्‌महिने तेच राहते, हा मूलभूत फरक लक्षात घेतला पाहिजे. समुद्री टाक्यांसाठी खास बनविलेली निवळद्रव्ये बाजारात मिळतात. ती वापरायचीच असतील तर वेष्टनावरील मात्रेपेक्षा थेंबभरही अधिक टाकू नयेत.

नेमके काय करावे?

पहिले काम म्हणजे वाळूला हात न लावणे. टाकीत अद्याप जीव नसतील तर रात्रभर पंप बंद ठेवल्यास बरीच भुकटी खाली बसते. मासे किंवा जिवंत खडक असल्यास मात्र पंप बंद ठेवू नयेत. त्यांचे तोंड पृष्ठभागाकडे वळवावे. त्यामुळे तळ ढवळला जात नाही आणि प्राणवायूही मिळत राहतो. वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवणे हिताचे ठरते.

गाळणीत बारीक फिल्टरचा कापूस भरावा आणि तो दर काही तासांनी धुवावा किंवा बदलावा. तुंबलेला कापूस पाणी अडवितो, गाळत नाही. खडकांवर आणि प्रवाळांवर बसलेली भुकटी पिचकारीने हलकेच उडवून गाळणीकडे पाठवावी. प्रवाळांवर थर तसाच राहिल्यास त्यांना प्रकाश मिळत नाही.

मासे जलद श्वास घेत असतील किंवा पृष्ठभागाशी तोंड काढत असतील तर प्रश्न दिसण्यापुरता राहिलेला नाही, असे समजावे. अशा वेळी हवा वाढवावी, अमोनियाची चाचणी करावी आणि मासे दुसऱ्या भांड्यात हलविण्याची तयारी ठेवावी. जुना, जाड वाळूचा थर ढवळला गेला असेल तर त्यात साठलेला विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर पडू शकतो. सडक्या अंड्यासारखा वास ही त्याची खूण आहे.

दोष वाळूचाच का?

पाणी आठवडाभरानंतरही निवळले नाही तर कारण दुसरे असू शकते. एका काचेच्या पेल्यात टाकीतील पाणी घेऊन दिवसभर न हलविता ठेवावे. तळाशी पांढरा थर बसून वरचे पाणी स्वच्छ होऊ लागल्यास भुकटीच आहे असे समजावे. पेला तसाच दुधाळ राहिला आणि गढूळपणा वाळू टाकल्यानंतर दोन-तीन दिवसांनी आला असेल, तर जिवाणूंची वाढ झाल्याची शक्यता अधिक असते. तेव्हा खाद्य कमी करावे, हवा वाढवावी आणि थांबावे.

पुढच्या वेळी

कोरडी वाळू बादलीत थोडी थोडी घेऊन पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावी. हे पाणी गोडे असल्याने झाडांना घालता येते. जिवाणूयुक्त ‘जिवंत वाळू’ मात्र धुवू नये. वाळू वरून ओतण्याऐवजी पीव्हीसी पाइपातून थेट तळाशी सोडावी. मासे असलेल्या टाकीत ती एकदम न टाकता काही दिवसांच्या अंतराने थोडी थोडी पसरावी. वर्धा वा पैनगंगेची वाळू फुकट मिळाली तरी वापरू नये; तिच्यातील काळ्या मातीचा अंश पाणी पुन:पुन्हा गढूळ करतो. समुद्रकिनाऱ्यावरून प्रवाळांचे तुकडे आणण्याचा विचारही करू नये. खडकनिर्माते प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये संरक्षित आहेत.

खाऱ्या टाकीतील गढूळ पाणी बहुतेक वेळा आपले आपण निवळते. मालकाने त्याला तेवढी उसंत द्यावी आणि दरम्यान माशांच्या श्वासावर लक्ष ठेवावे, एवढेच पुरेसे असते.