‘सागर संपदा’ : समुद्राची तपासणी

परभणीपासून अरबी समुद्राचा किनारा सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. तरीही जूनमध्ये आपण ज्या नैऋत्य मोसमी वाऱ्यांची वाट पाहतो, ते याच समुद्रावरून येतात. आपल्याकडे पेरण्या चालू असतात, तेव्हा हे वारे समुद्रातही एका पिकाची तयारी करत असतात. ती तयारी मोजणाऱ्या भारतीय जहाजांपैकी एक म्हणजे ‘सागर संपदा’. मत्स्यविज्ञान आणि सागरविज्ञान या दोन्हींसाठी हे सुमारे ७२ मीटर लांबीचे जहाज १९८४ मध्ये डेन्मार्कमध्ये बांधण्यात आले.

समुद्रातले पीक म्हणजे वनस्पती प्लवक, पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती. त्यांना सूर्यप्रकाश हवा आणि आपल्या पिकांप्रमाणेच नायट्रेट, फॉस्फेटही हवे. प्रकाश वरच्या थरापुरताच पोहोचतो. मृत जीव मात्र खाली बुडून कुजतात, त्यामुळे पोषक क्षारांचा साठा खालच्या थंड पाण्यात असतो. म्हणजे उजेड वर आणि खत खाली!

ही अडचण मोसमी वारा दूर करतो. केरळ-कर्नाटक किनाऱ्याजवळ तो दक्षिणेकडे वळतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेले पाणी उजवीकडे, म्हणजे येथे पश्चिमेला, किनाऱ्यापासून दूर सरते. त्याची जागा घ्यायला खालचे पाणी वर येते. प्लवक वाढतात आणि त्यांच्या आधारावर तारली, बांगडा यांसारखे मासे पोसतात. मात्र खालून आलेल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो. तो फारच घटला, तर मासे ती जागा सोडून जातात.

हे सारे उपग्रहावरून का दिसत नाही? उपग्रहाला पृष्ठभागाचे तापमान आणि रंग कळतो. खोलवरचा प्राणवायू कळत नाही. शिवाय पावसाळ्यात ढग आड येतात. म्हणून जहाजच लागते. जहाजावरून तारेने उपकरण खाली सोडतात. ते खोलीनुसार तापमान व क्षारता नोंदवते आणि ठरलेल्या खोलीवर बाटल्या बंद करून पाण्याचे नमुने आणते. बारीक जाळीने प्लवक गोळा करतात. माशांचे थवे प्रतिध्वनीने शोधतात. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. प्रतिध्वनी ०.४ सेकंदाने परतला, तर ध्वनीने जाऊन-येऊन ६०० मीटर अंतर कापले; म्हणजे थवा ३०० मीटर खोल आहे. हे गणित नववीच्या वर्गात सहज करून घेता येईल.

एखाद्या वर्षी मासळी कमी मिळाली, तर प्लवक कमी होते, प्राणवायू घटला होता, की आधीच्या वर्षी बेसुमार मासेमारी झाली होती? उत्पन्न घटल्यावर शेतकरी माती तपासून घेतो. समुद्राच्या बाबतीत ही तपासणी वर्षानुवर्षे, त्याच त्या ठिकाणी करावी लागते. तशा नोंदी नसतील, तर मासेमारीवर बंधने केव्हा आणि किती घालावीत हे अंदाजानेच ठरवावे लागेल, आणि अंदाज चुकला तर त्याची किंमत मच्छीमारांची कुटुंबे मोजतील.