शेवाळाची कॅप्सूल, कॅन्सरची आशा
‘सीवीड खा, कॅन्सर पळवा’ असा फॉरवर्ड तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असेल. त्यात थोडंसं खरं आहे. म्हणूनच तर तो जास्त घातक!

लंच टाइम. सगळ्यांचे डबे उघडलेत, पण समोरची मैत्रीण जेवत नाहीये. तिच्या आईची केमो सोमवारपासून सुरू व्हायचीय. कुणा काकांनी समुद्री शेवाळाच्या कॅप्सूलची लिंक पाठवलीये. ‘बघ ना, साइड इफेक्ट्स अजिबात नाहीत म्हणे. केमोऐवजी हेच दिलं तर?’

आता तुम्ही काय सांगाल? ‘काहीतरीच काय!’ म्हणून उडवून लावू नका. कारण समुद्रातून कॅन्सरवरची औषधं खरोखरच आली आहेत.

पळता येत नाही, मग लढा!

खडकाला चिकटलेल्या शेवाळाला किंवा स्पंजला पळून जाता येत नाही. मासा खायला आला, शेजाऱ्याने जागा बळकावली, तर इलाज एकच, केमिकल वॉर! त्यासाठी लागणारी जालीम रसायनं ते स्वतः बनवतात, नाहीतर त्यांच्या अंगावर राहणारे सूक्ष्म जीव आणि बुरशी बनवतात. हेच विष कॅन्सरच्या पेशींवर चालवून बघायचं, ही मूळ आयडिया.

पहिला मोठा सिक्सर बसला तो स्पंजमुळे. १९५०च्या सुमारास वेर्नर बर्गमन या शास्त्रज्ञाला फ्लोरिडाच्या समुद्रातल्या स्पंजमध्ये डीएनएच्या सुट्या भागांसारखी दिसणारी रसायनं सापडली. त्यांच्यावरून सायटाराबीन तयार झालं आणि १९६९मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. कॅन्सरची पेशी फसते, खरा पार्ट समजून हा डुप्लिकेट बसवते आणि डीएनएची कॉपी तिथेच अडकते. ब्लड कॅन्सरवर हे औषध आजही दिलं जातं.

पण दरवेळी इतकं सोपं नसतं. जपानी शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात तब्बल ६०० किलो स्पंज गाळून एक रसायन मिळवलं. किती? जेमतेम १२.५ मिलिग्रॅम! शेवटी लॅबमध्ये त्याची सुटसुटीत आवृत्ती घडवावी लागली. तेच एरिब्युलिन, शरीरात पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरवरचं औषध. मंजुरी आली २०१०मध्ये.

बुरशी बोले तो...

शेवाळाची स्वतःची गोष्टही भन्नाट आहे. हॅलिमेडा नावाच्या हिरव्या शेवाळावर अ‍ॅस्परजिलस जातीची एक बुरशी राहत होती. तिच्यात हॅलिमाइड हे रसायन सापडलं आणि त्याच्या धर्तीवर प्लिनाब्युलिन बनवलं गेलं. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन्हीकडे ओढणाऱ्या ज्या बारीक दोऱ्या असतात, त्याच हे औषध विणू देत नाही.

मग लागली का लॉटरी? थांबा. आधीची ट्रीटमेंट निकामी ठरलेल्या ५५९ लंग कॅन्सर पेशंट्सवर त्याची मोठी ट्रायल झाली. निकाल २०२४मध्ये छापून आले. नेहमीच्या केमोवर पेशंट्सचं मध्यक (मीडियन) आयुष्य ९.४ महिने होतं, सोबत प्लिनाब्युलिन दिल्यावर १०.५ महिने. केमोमुळे पांढऱ्या पेशी घटू नयेत, म्हणूनही हे औषध वापरायचं होतं. पण ‘एका ट्रायलवर भागणार नाही, आणखी एक करा’ असं सांगून २०२१मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तो अर्ज परत पाठवला.

महिनाभराचा फरक ऐकून हिरमोड झाला ना? पण खऱ्या औषधाची भाषा अशीच असते. आकडा छोटा, पण तपासलेला.

मग कॅप्सूलचं काय?

त्या डबीवर बहुतेक वेळा ‘फ्युकॉइडन’ लिहिलेलं असतं. हा तपकिरी शेवाळातला चिकट पदार्थ. लॅबच्या बशीत त्याने कॅन्सरच्या पेशी मेल्याचे प्रयोग आहेत. पण बशीत ब्लीच टाकलं तरी पेशी मरतात! रेणू एवढा मोठा की तोंडाने घेतल्यावर रक्तात फारच थोडा उतरतो. कॅन्सर बरा करणारं औषध म्हणून त्याला मंजुरी नाही.

शिवाय ‘नॅचरल’ म्हणजे निर्धोक नव्हे. वर सांगितलेली सगळी औषधं नॅचरल विषावरूनच तर आली! लॅबमध्ये फ्युकॉइडन रक्त गोठणं लांबवतं. केल्पसारख्या शेवाळात आयोडीन भरपूर असतं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, त्याच्या कित्येक पट पोटात गेलं तर थायरॉइड बिघडू शकतो.

म्हणून घाबरून सुशी सोडू नका, चायना ग्रासचं पुडिंगही बिनधास्त खा. तेही शेवाळच आहे. फक्त डिश आणि डोस यात गल्लत करू नका.

फ्रेंडला सांगा

• केमोची तारीख कॅप्सूलसाठी पुढे ढकलायची नाही.
• डबी आधी डॉक्टरांना दाखवायची. रक्त पातळ करणारं औषध, थायरॉइड किंवा ऑपरेशन असेल तर नक्कीच.
• लिंक पाठवणाऱ्याला एकच प्रश्न: ‘हे माणसांवर तपासलंय का आणि किती जणांवर?’

आणि हो, सोमवारी अर्धा दिवस सुट्टी टाका. केमोच्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर शेजारी बसायला कुणीतरी हवं असतं. ते कुठल्याच कॅप्सूलला जमत नाही.