डिस्चार्ज बुकात श्रीलंका नाही, म्हणून चाचा तिथे गेलेच नव्हते का?

आमच्या गल्लीत एक चाचा राहतात. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले. डाव्या पायाने थोडे लंगडतात. लहानपणी आम्ही पोरं विचारायचो, "चाचा, पायाला काय झालं?" ते हसून म्हणायचे, "जाफन्याची निशाणी आहे बेटा." पुढे आम्ही मोठे झालो, मी शिक्षक झालो आणि तो प्रश्न मागे राहिला.

गेल्या वर्षी जुम्म्याच्या नमाजनंतर चाचांनी मला थांबवलं. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात जुने कागद. म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकलेले. जरा बघा, माझं काय चुकलंय." पेन्शनच्या कामासाठी ते एका कार्यालयात गेले होते. तिथल्या माणसाने डिस्चार्ज बुक उलटसुलट केलं आणि सांगितलं, "यात श्रीलंकेचा उल्लेखच नाही. पायाची जखम तिथलीच कशावरून?"

चाचा पुढे जे बोलले ते मला विसरता येत नाही. "मास्तर, पैशाचं राहू द्या. पण मी तिथे गेलोच नव्हतो असं कागद म्हणतो, तर माझ्यासमोर जे मेले ते कुठे मेले?"

हा लेख त्या पिशवीमुळे लिहितोय. आपल्या समाजात फौजेतून आलेली माणसं कमी नाहीत आणि त्यांचे कागद नीट लावून ठेवणारी घरं मात्र फार थोडी आहेत. त्यामुळे मी यात जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

परदेशातली सेवा म्हणजे कोणती?

भारत-श्रीलंका करार २९ जुलै १९८७ रोजी झाला आणि लगेच भारतीय शांतिसेना तिकडे गेली. शेवटची तुकडी मार्च १९९० मध्ये परत आली. या काळात अकराशेहून जास्त भारतीय जवान तिथे शहीद झाले. मुंबईत जन्मलेले मेजर रामास्वामी परमेश्वरन हे महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी ते श्रीलंकेत शहीद झाले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. म्हणजे या मोहिमेशी महाराष्ट्राचं नातं जवळचं आहे.

श्रीलंकेशिवाय संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखालीही आपले जवान गेले. गाझामध्ये १९५६ ते १९६७, काँगोत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, सोमालियात १९९३-९४ मध्ये आणि लेबनॉनमध्ये १९९८ पासून. तुमच्या घरात कोणी यापैकी कुठे गेलं असेल, तर पुढचं सगळं तुम्हालाही लागू होतं.

नोंद राहते कशी?

मला आधी वाटायचं, डिस्चार्ज बुक म्हणजेच मूळ रेकॉर्ड. तसं नाही. डिस्चार्ज बुक हा घरी येताना हातात दिलेला गोषवारा आहे, आणि त्या काळी तो क्लार्क हाताने लिहायचा. मूळ सेवा कागद, ज्याला फौजेत शीट रोल म्हणतात, तो रेकॉर्ड ऑफिसमध्ये असतो. जवानाची बदली, रजा, लग्न, मुलं, जखम, परदेशी रवानगी अशा प्रत्येक गोष्टीची युनिटकडून एक छापील नोंद निघते. तिला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. ती रेकॉर्ड ऑफिसला पोहोचली की शीट रोलवर चढते.

आता चूक कुठे होते ते पाहा. जवान काही महिन्यांसाठी दुसऱ्या युनिटला जोडला गेला, तर ऑर्डर काढायची कोणी, यात ती राहून जाते. लढाईच्या धांदलीत ऑर्डर उशिरा निघते किंवा नंबरात एक आकडा चुकतो आणि नोंद भलत्याच्या नावावर जाते. कधी मूळ कागदावर सगळं असतं, पण डिस्चार्ज बुक लिहिणारा ती ओळ गाळतो.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. मोहम्मद, मुहम्मद, महंमद, एमडी, शेख, शैख, एकाच माणसाच्या नावाची चार स्पेलिंगं. निकाहनामा उर्दूत, शाळेचा दाखला मराठीत, फौजेचा कागद इंग्रजीत. म्हणून नावावर भर देऊ नका. प्रत्येक पत्रात आर्मी नंबर पहिल्या ओळीत लिहा. नावं दहा जणांची सारखी निघतील, तो नंबर एकाचाच असतो.

फरक काय पडतो?

पहिला फरक मानाचा. परदेशी सेवेसाठी १९६० मध्ये विदेश सेवा मेडल सुरू झालं. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांचं मेडल वेगळं. नोंद नसेल तर मेडल मागता येत नाही.

दुसरा फरक पेन्शनचा. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात जखम आणि मृत्यू यांचे 'ए' ते 'ई' असे गट केले आहेत. परदेशात शांतिसेनेत तैनात असताना कारवाईत झालेली जखम 'ई' गटात धरली जाते. त्या गटात वॉर इंज्युरी पेन्शन लागू होते आणि तिचा दर साध्या डिसॅबिलिटी पेन्शनपेक्षा बराच जास्त असतो. जवान त्यात दगावला असेल तर विधवेची फॅमिली पेन्शनही वेगळ्या, वाढीव नियमाने ठरते. एक ओळ गाळली गेली की घरात येणारी रक्कम बदलते, ती अशी.

पहिलं पाऊल: आधी मूळ कागद बघा

लोक थेट "दुरुस्ती करा" असा अर्ज देतात. मी पण तसाच लिहायला बसलो होतो. पण मूळ कागदावर काय आहे हे माहीत नसताना दुरुस्ती मागायची कशाची? म्हणून आधी नक्कल मागवा.

अर्ज जातो आपापल्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महारचं सागरला, ग्रेनेडियर्सचं जबलपूरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला. नौदलाच्या खलाशांचे कागद मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. पत्ता सापडला नाही तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. प्रत्येक माजी सैनिकाची नोंद तिथे असायला हवी. ते अर्ज पुढे पाठवतात, शिक्का मारून पोच देतात आणि पैसे घेत नाहीत. कोणी एजंट "साहेबांशी ओळख आहे" म्हणून पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा.

साध्या पत्राला उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. फी दहा रुपये, पोस्टल ऑर्डरने किंवा ऑनलाइन. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं. लक्षात ठेवा, या अर्जात कागद मागता येतो, दुरुस्ती मागता येत नाही. आम्ही चाचांच्या अर्जात तीनच गोष्टी मागितल्या: शीट रोलची प्रमाणित नक्कल, जुलै १९८७ ते मार्च १९९० या काळात त्यांच्या नंबरावर निघालेल्या पार्ट टू ऑर्डर, आणि त्यांच्या नावावर मंजूर मेडलांची यादी. युनिट कुठे कुठे होतं, मोहीम कशी होती असले प्रश्न घातले तर सुरक्षेचं कारण देऊन अर्ज अडकतो. आपल्या स्वतःच्या नोंदीपुरतं विचारा. अर्ज विधवा किंवा मुलगा करत असेल तर नात्याचा पुरावा जोडा.

एक गोष्ट घाईची आहे. जे पेन्शन न घेता सुटले, त्यांचे सेवा कागद साधारण पंचवीस वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट करतात. मागे उरतो तो लाँग रोल, ज्यात थोडक्यात नोंदी असतात. श्रीलंकेहून परतून नव्वदच्या दशकात सुटलेल्यांची ती मुदत संपलीच आहे. "कागद नष्ट झाले" असं उत्तर आलं तर लाँग रोलचा उतारा मागा, हात हलवत परत येऊ नका.

दुसरं पाऊल: पुरावा

मूळ कागदावर नोंद आहे आणि फक्त बुकात नाही, असं निघालं तर काम सोपं. ती नक्कल जोडून डिस्चार्ज बुकात नोंद करून द्या असा अर्ज करायचा. मूळ कागदावरही नसेल तर पुरावा आपल्याला उभा करावा लागतो. घरातल्या पत्र्याच्या पेट्या उघडा आणि हे शोधा:

– परदेशी मोहिमेचं ओळखपत्र, प्रशस्तिपत्र किंवा मेडल. मेडलच्या कडेवर नंबर कोरलेला आहे का पाहा.
– लष्करी हॉस्पिटलची चिठ्ठी. जखमेची तारीख आणि कुठून आणलं हे तिच्यावर असतं.
– त्या काळचे पगाराचे कागद, वाढीव भत्त्याची नोंद.
– घरी आलेली पत्रं. पण फौजेच्या पत्रावर गावाचं नाव नसतं, '५६ एपीओ' असा नंबर असतो. नुसत्या शिक्क्याने श्रीलंका सिद्ध होत नाही. आतला मजकूर आणि तारीख मात्र उपयोगी पडते.
– त्याच युनिटमधल्या साथीदारांची प्रतिज्ञापत्रं. नुसतं "हे आमच्यासोबत होते" असं नको. साथीदाराचा आर्मी नंबर, युनिट, महिना, ठिकाण आणि त्याने स्वतः पाहिलेली घटना हवी. दोन साथीदारांची सविस्तर प्रतिज्ञापत्रं दहा मोघम कागदांना भारी पडतात.

मूळ कागद कधीच पोस्टाने पाठवू नका. झेरॉक्सवर सही करून पाठवा, पोस्टाची पावती जपून ठेवा.

तिसरं पाऊल: अर्ज

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा, रेकॉर्ड ऑफिसचं काम त्याच भाषांत चालतं. एक पान पुरे. पहिल्या ओळीत नंबर, हुद्दा, नाव, युनिट, भरतीची आणि सुटण्याची तारीख. मग चूक काय: "माझ्या डिस्चार्ज बुकात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या श्रीलंकेतील सेवेची नोंद नाही." मग हवंय काय: "सोबतच्या पुराव्यांवरून शीट रोल आणि डिस्चार्ज बुकात नोंद करावी, मेडलची पात्रता तपासावी आणि निर्णय लेखी कळवावा." शेवटी जोडलेल्या कागदांची क्रमवार यादी. देशसेवेची कहाणी लिहायचा मोह होतो, मलाही झाला. ती वाचणाऱ्या क्लार्कला तारीख हवी असते.

पेन्शनचा दावा याच अर्जात मिसळू नका. आधी नोंद होऊ द्या. नंतर त्या नोंदीच्या आधारावर पेन्शनचा वेगळा अर्ज करा.

लेखी नकार आला किंवा सहा महिने उत्तरच आलं नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. नकार मिळाल्यापासून सहा महिन्यांत तिथे जायचं असतं. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. पण उशिराची किंमत पडतेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालानंतर अशा प्रकरणांत मागची थकबाकी सहसा तीन वर्षांपुरतीच मिळते. तीस वर्षं गप्प बसलेल्याला तीस वर्षांचं मिळत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, म्हणून फौजींच्या विधवांनी तर जरूर जावं.

चाचांचं काय झालं?

पहिल्या अर्जाला उत्तर नाही. माहितीच्या अधिकारात कागद आले ते पाच आठवड्यांनी. त्यात शीट रोलवर श्रीलंका नव्हती. पण पार्ट टू ऑर्डरांच्या नकलांमध्ये एक ऑर्डर निघाली. चाचा ज्या युनिटला जोडले गेले होते, त्यांनी ती काढली होती. तारीख होती, रवानगी होती, नंबर चाचांचाच होता. फक्त ती कोणी शीट रोलवर चढवलीच नव्हती.

ती ऑर्डर आणि दोन साथीदारांची प्रतिज्ञापत्रं जोडून आम्ही अर्ज केला. साथीदारांपैकी एक सातारा जिल्ह्यातले. फोनवर तीस वर्षांनी आवाज ऐकला तेव्हा दोघंही थोडा वेळ काही बोलले नाहीत. चार महिन्यांनी रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं, नोंद मंजूर झाल्याचं. पेन्शनचा दावा अजून चालू आहे. मिळेल की नाही, आज सांगता येत नाही.

चाचांनी ते पत्र लॅमिनेट करायला दिलं होतं. मी थांबवलं, पुढे प्रमाणित नक्कल लागली तर पंचाईत होईल. मग त्यांनी दोन झेरॉक्स काढल्या. एक फाइलला लावली, एक नातीच्या हातात दिली आणि म्हणाले, "हे शाळेत दाखव तुझ्या बाईंना."

वाचकहो, तुमच्या घरात, मोहल्ल्यात एखादे चाचा, मामू, नाना फौजेतून आलेले असतील तर येत्या रविवारी त्यांच्याकडे बसा. डिस्चार्ज बुक उघडा. ते सांगतात ते आणि कागद सांगतो ते, दोन्ही जुळतंय का पाहा. साथीदार हयात आहेत, आठवणी ताज्या आहेत तोवरच हे काम होतं.