साक्षीदाराचे घड्याळ आणि नानावटी खटल्यातला टॉवेल



वरच्या वर्गातील काही मुलांच्या मोबाइलवर एक खेळ दिसतो. त्यात एक कोर्ट आहे, न्यायाधीश आहेत, खुनाचा आरोप असलेला एक घाबरलेला तरुण आहे आणि खेळणारा स्वतः त्या तरुणाचा वकील आहे. खेळाचे नाव 'फिनिक्स राइट: एस अ‍ॅटर्नी'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो २००१ मध्ये काढला. लेखन शू ताकुमी यांचे. मूळ जपानी नाव 'ग्याकुतेन साइबान', म्हणजे उलटणारा खटला. खुनाचा खेळ मुलांनी खेळावा काय, असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देण्यापूर्वी या खेळात नेमके करायचे काय असते, ते पाहिले पाहिजे.

साक्षीदार येतो आणि पाच-सहा वाक्यांत साक्ष देतो. मग तीच वाक्ये एकेक करून पुन्हा समोर येतात. प्रत्येक वाक्यावर दोन गोष्टी करता येतात. एक तर 'थांबा, नीट सांगा' म्हणून साक्षीदाराला आणखी बोलते करायचे, नाही तर आपल्याजवळच्या पुराव्यांतील वस्तू त्या वाक्यासमोर ठेवून हरकत घ्यायची. चुकीची वस्तू ठेवली तर दंड होतो, आणि पाच वेळा चुकलात तर आरोपी दोषी. 'साहेब, हा खोटे बोलतो' असे ओरडून येथे काहीही मिळत नाही. कोणते वाक्य आणि कोणती वस्तू, हे दाखवावे लागते.

पहिलाच खटला उदाहरणादाखल घेऊ. (ज्यांना तो स्वतः सोडवायचा आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद वगळावेत.) एका तरुणीचा डोक्यात जड पुतळा घालून खून झाला आहे. तिचा मित्र आरोपी. एक वर्तमानपत्र विक्रेता साक्ष देतो की, या मुलाला घरातून पळताना मी पाहिले, आत डोकावलो तर ती मरून पडलेली, तेव्हा दुपारचा एक वाजला होता. परंतु शवविच्छेदनाचा अहवाल सांगतो की मृत्यू चार ते पाचच्या दरम्यान झाला. साक्षीदार गडबडतो. म्हणतो, आतून टीव्हीचा आवाज येत होता, त्यात वेळ सांगितली. पण त्या दिवशी इमारतीत दुपारी बारापासून संध्याकाळी सहापर्यंत वीज नव्हती. पुन्हा तो साक्ष बदलतो: टेबलावर घड्याळ होते, ते पाहिले.

आता पोलिसांना त्या खोलीत घड्याळ सापडलेलेच नाही. सापडला तो पुतळा, आणि तो पुतळाच आतून घड्याळ आहे, मान हलवली की वेळ बोलून दाखवतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे कळणे शक्य नाही. ज्याने तो हातात धरून मारला, त्यालाच ते ऐकू आले असणार. राहता राहिले तीन तासांचे अंतर. तरुणीच्या पासपोर्टवरून दिसते की ती आदल्या दिवशीच पॅरिसहून परतली होती आणि घड्याळ तिकडच्या वेळेवरच राहिले होते. पॅरिसची वेळ नऊ तास पुढे. इकडे दुपारचे चार वाजले की तिकडे रात्रीचा एक, आणि बारा आकड्यांच्या घड्याळाला दुपार काय आणि रात्र काय! साक्षीदाराने ऐकलेली वेळ खरी होती, म्हणूनच तो सापडला. भूगोलाच्या तासाला पेंगणाऱ्या मुलांनी याची नोंद घ्यावी.

शिक्षण हिंदी माध्यमातून झाल्यामुळे या कामासाठी मला 'जिरह' हा शब्द आधी भेटला. मराठीत तिला उलटतपासणी म्हणतात, आणि मला हा शब्द अधिक नेमका वाटतो. आपल्या बाजूच्या साक्षीदाराला प्रथम विचारतात ती सरतपासणी, नंतर विरुद्ध बाजू विचारते ती उलटतपासणी. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे.

वस्तू साक्ष कशी उलटवते, याचे खरे उदाहरण मुंबईत घडले. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी कौटुंबिक कारणावरून प्रेम आहुजा यांच्या घरी जाऊन त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि नंतर स्वतःच पोलिसांच्या स्वाधीन झाले. बचाव असा होता की, हा खून नव्हे. रिव्हॉल्वर पाकिटात होते, आहुजा ते घेण्यासाठी झेपावले, दोघांत झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या. ऐकायला पटण्यासारखी हकिकत आहे. पण आहुजा नुकतेच न्हाणीघरातून आले होते आणि त्यांच्या अंगावर फक्त कमरेला गुंडाळलेला टॉवेल होता. मृतदेह सापडला तेव्हा तो टॉवेल जागच्या जागी होता, सुटला नव्हता, ढिलासुद्धा झाला नव्हता. दोन धडधाकट माणसे हातघाईवर येतात आणि नुसता खोचलेला टॉवेल हलत नाही, हे कसे? शिवाय ते रिव्हॉल्वर आणि सहा काडतुसे नानावटींनी आपल्या जहाजावरून घेतली होती, ती 'रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचे आहे' असे कारण सांगून. गेले मात्र आहुजांच्या घरी.

तरीही सत्र न्यायालयातील ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. बाहेर वातावरण त्यांच्या बाजूने तापले होते, 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने तर मोहीमच चालवली होती. देखणा, गणवेशातला अधिकारी! लोकांनी निकाल आधीच देऊन टाकला होता. सत्र न्यायाधीशांना ज्यूरीचे मत पटले नाही, त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे १९६० मध्ये नानावटी खुनाचे दोषी ठरले आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. पुढे १९६४ मध्ये त्यांना माफी मिळाली, तो भाग निराळा. टॉवेल मात्र कोणाच्या बाजूचा नव्हता.

येथे खेळातील आणि खऱ्या कोर्टातील एक फरक मुलांना आवर्जून सांगितला पाहिजे. खेळात बचावाच्या वकिलाला बहुधा खरा गुन्हेगार शोधून उभा करावा लागतो, तेव्हा कुठे आपला माणूस सुटतो. जपानमध्ये खटला उभा राहिला की ९९ टक्क्यांहून अधिक आरोपी दोषी ठरतात, हे लक्षात घेतले तर तेथील लेखकाला असे का सुचले असेल याचा अंदाज येतो. आपल्या कायद्यात आरोपीवर असे कोणतेही ओझे नाही. मी केले नाही, एवढे म्हणून तो गप्प बसू शकतो. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करणे हे सरकार पक्षाचे काम. 'मग केले कोणी?' या प्रश्नाचे उत्तर न मिळताही माणूस निर्दोष सुटतो आणि तसाच सुटला पाहिजे. वर्गात खडू किंवा डबा हरवला की 'तू नाही तर कोण, सांग' असे आपण मोठी माणसेही सहज म्हणून जातो, तेव्हा हा नियम उलटा फिरवलेला असतो.

आपल्या उधन्यातील बहुतेक घरांचे मूळ गाव धुळे, जळगाव किंवा नंदुरबार जिल्ह्यात आहे. साक्री तालुक्यातील राईनपाडा हे नाव त्यामुळे पुष्कळांना माहीत असेल. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवरून पसरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे भिक्षेसाठी तेथे आली होती. जमावाने त्यांना पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. साक्ष होती ती एका मोबाइलवरून दुसऱ्यावर आलेली. उलटतपासणीचा पहिला प्रश्न तेथे अगदी साधा होता: कोणाचे मूल हरवले आहे? कोणाचेच हरवलेले नव्हते. हे विचारायला कोर्ट लागत नाही, वकिलीची सनदही लागत नाही.

म्हणून पालकांना माझे उत्तर असे की, अभ्यास आटोपल्यावर अर्धा तास हा खेळ चालेल, आणि जमल्यास मुलाशेजारी बसून आपणही साक्ष वाचावी. इंग्रजी वाचनाचा सराव होतो, हा वरचा फायदा. खून आणि रक्त चित्रात दिसते, तेव्हा लहान वर्गांना मात्र देऊ नये.

ज्यांच्याकडे हा खेळ नाही त्यांच्यासाठी एक काल्पनिक खटला देत आहे. जूनचा दुसरा आठवडा, आकाश निरभ्र, कडक ऊन. प्रयोगशाळेच्या खिडकीची काच फुटली. साक्षीदार म्हणतो: "दुपारचे बरोबर साडेबारा वाजले होते. मी मैदानावर होतो. तो मुलगा भिंतीच्या कोपऱ्याआड उभा होता, म्हणून चेहरा दिसला नाही. पण त्याची लांबच लांब सावली मैदानावर पडली होती. हातात बॅट होती. सावलीवरूनच मी त्याला ओळखले." तुमच्यापुढे पुरावे तीन आहेत: खोलीच्या आत पडलेले काचेचे तुकडे, त्या दिवसाचा हजेरीपट आणि भूगोलाच्या कपाटातील पृथ्वीचा गोल. उत्तर कागदावर लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावे. 'साक्षीदार खोटारडा आहे' एवढेच लिहिलेला कागद परत मिळेल. कोणते वाक्य आणि कोणता पुरावा, ते लिहावे.